मुलगी कुठे ठेवलीस?

आयटीआयला प्रवेश घ्यायचा तर वय किमान १४ लागतं. वरची मर्यादा कारागीर प्रशिक्षण योजनेत नाहीच. मला हे फॉर्म भरायच्या खिडकीपाशी उभी राहिल्यावर कळलं. इलेक्ट्रिशियनच्या वर्गात भोवती सगळी मिसरूड फुटणारी पोरं. सुरुवातीला ती मला ‘मॅडम’ म्हणायची, मी शिकवायला आलेय असं वाटून. मग ‘ताई’ म्हणू लागली. माझी लेक तेव्हा तीन वर्षांची. नवऱ्याचं काय झालं ते इथे लिहीत नाही. ते सांगितलं की लोक हळहळतात आणि पुढचं ऐकायचं राहून जातं. मला पुढचंच सांगायचंय.

विजेचं शिकायला गेले आणि हातात मिळाली कानस. लोखंडी पट्टी व्हाइसमध्ये आवळायची, घासायची, गुण्या लावून उजेडासमोर धरायची. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायची. तळहाताला फोड आले. पोरं वैतागायची, ‘सर, करंट कधी?’ मला मात्र ती कानस आवडली होती. मग तारांचे जॉइंट आले, जिन्याचं वायरिंग आलं: दिवा एकच, बटणं दोन, खाली लावायचा आणि वर विझवायचा. माझ्या बोर्डवरचा दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा मी तो उगाच पाच-सहा वेळा लावला-विझवला. घरात माझ्याविषयी ज्याचं त्याचं एकेक मत होतं. कार्यशाळेत टेस्ट लॅम्प लागायचा किंवा नाही लागायचा, मध्ये कुणाचं मत नाही. त्या काळात मला याहून मोठा आधार दुसऱ्या कशाचा वाटला नाही, समुपदेशनाचाही नाही.

आणि थ्री फेज मोटर. आमच्या सोलापूर भागात हिच्यावर ऊस उभा राहतो आणि हिच्यापायीच माणूस रात्री रानात जातो. तीनपैकी एक फेज गेला तरी चालती मोटर लगेच थांबत नाही. उरलेल्या दोन फेजवर ओढत राहते, त्यांतून प्रमाणाबाहेर करंट घेते, तापते आणि वाइंडिंग जळतं. सरांनी हे फळ्यावर समजावलं तेव्हा वडिलांच्या विहिरीवरची मोटर दर उन्हाळ्यात का जळायची ते मला कळलं. वडील बिचारे मोटरच्या कंपनीला शिव्या घालायचे.

शिकणं मला जड गेलं नाही, जड गेली ती हजेरी. परीक्षेला बसायचं तर ८० टक्के हजेरी हवी. अंगणवाडी दुपारीच सुटते, कार्यशाळा संध्याकाळपर्यंत चालते. मधले तास आईच्या गुडघ्यांवर अवलंबून होते. तिचे गुडघे दुखले की माझी गैरहजेरी लागायची. लेकीला ताप आला की पुन्हा गैरहजेरी. ही प्रशिक्षण योजना १९५० सालची. आखताना डोळ्यांसमोर कोण होतं ते वेळापत्रकच सांगतं: ज्याला सकाळी कुणीतरी डबा भरून देतं असा मुलगा.

‘मुलगी कुठे ठेवलीस?’ हा प्रश्न मला कारकुनाने विचारला, कंडक्टरने विचारला, शेजारणीने तर रोजच. आमच्या बॅचमध्ये एक तरणा बापही होता, दीड वर्षाच्या मुलाचा. त्याला लोक विचारायचे, ‘पुढे पगार किती मिळेल रे?’

बरं, कायदा तरी? २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय सक्तीची झाली. पण आयटीआयतली मी कर्मचारी नव्हतेच. पुढे शिकाऊ उमेदवार म्हणून कारखान्यात जावं, तर १९६१चा शिकाऊ उमेदवार कायदा स्वच्छ सांगतो की उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. म्हणजे ज्या वर्षांत पाळणाघराची सगळ्यात जास्त गरज, नेमक्या त्याच वर्षांत कर्मचारी म्हणून त्यावर हक्क नाही.

पुण्याला जाताना दौंडच्या पुढे केडगाव लागतं. तिथलं मुक्ती मिशन पंडिता रमाबाईंचं, निराधार बायकांसाठी काढलेलं. शाळेत त्या आम्हाला विदुषी म्हणून भेटल्या, संस्कृत शास्त्रार्थ करणाऱ्या. १८८३ साली त्या इंग्लंडच्या बोटीत चढल्या तेव्हा नवरा जाऊन वर्ष उलटलं होतं आणि बरोबर दोन वर्षांची मनोरमा होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टर व्हायचं मनात होतं, पण कमी ऐकू येत असल्यामुळे ते राहिलं. मग अमेरिकेत त्यांनी बालोद्यानाच्या शिक्षणपद्धतीचं प्रशिक्षण घेतलं आणि त्या काळात मनोरमेला इंग्लंडला परत पाठवावं लागलं. इतक्या बुद्धीच्या बाईलाही लेक कुठे ठेवायची हा प्रश्न सुटला नव्हता. पुढे केडगावात विणकाम आलं, छापखाना आला. बायका स्वतः खिळे जुळवून छपाई करू लागल्या. लोक त्याला दया म्हणतात. मला त्यात ती बोट दिसते.

मी पास झाले. आता गावातल्या एका रिवाइंडिंगच्या दुकानात काम करते. उन्हाळ्यात जळक्या मोटरींचा ढीग लागतो. जळकं वाइंडिंग काढायचं, स्लॉट साफ करायचे, नवा इन्सुलेशन पेपर घालायचा, कॉइल बसवायच्या, वार्निश करायचं. मालकाला मी रात्री आठपर्यंत थांबायला हवी होते. मी म्हटलं, साडेपाचला निघणार, पण कॉइल मोजून-गुंडाळून घरून आणीन. हाताने फिरवायचं मशीन घरी नेलं. वेढे मोजायला त्याला काउंटर आहे. लेक शेजारी बसून ते आकडे मोठ्याने वाचते, अधूनमधून चुकीचे.

घरी केलेल्या कॉइलला मालक दुकानापेक्षा कमी दर देतात. म्हणतात, ‘घरबसल्याच तर करतेस.’ तांबं तेच, वेढे तितकेच. उन्हाळा तोंडावर आलाय आणि गावात कॉइल भरणारं दुसरं कुणी नाही, तेव्हा या महिन्यात मी दराचं पुन्हा काढणार आहे.