गिऱ्हाईक नसलेला बाजार

बाजार म्हटला की गिऱ्हाईक आलेच! पण तोक्योच्या ‘बिग साइट’मध्ये ॲनिमे-मांगाच्या वेड्यांचा जो ‘कॉमिकेट’ भरतो, त्याची तऱ्हाच निराळी. १९७५ साली तो सुरू झाला तेव्हा दुकान मांडणारे गट अवघे ३२, माणसे ७००च्या आसपास. आज लाखांनी लोटतात. दंडक मात्र तोच: विकणारे-घेणारे सारेच सहभागी, गिऱ्हाईक कोणी नाही.

आम्ही मित्रमंडळी गेलो ती मैत्रिणीच्या टेबलामागे बसायला. पदरमोड करून छापलेल्या तिच्या चित्रकथेच्या ४० प्रती. दुपारपर्यंत खपल्या ६. आम्ही हिरमुसलो. तेवढ्यात एका आजोबांनी उभ्याउभ्याच पान न् पान वाचले आणि वाकून सातवी प्रत घेतली.

संध्याकाळी पिशवीत ३३ प्रती तशाच. पण बाईसाहेबांचा तोरा असा, जणू उद्याच दुसरी आवृत्ती काढायची आहे!