मांडीवरचं ऋण

१९९८ च्या ऑगस्टमध्ये आठ महिन्यांच्या लेकीला घेऊन मी मिरजेहून टेक्सासात, डॅलसला लागून असलेल्या अर्विंगला पोचले. पहिल्याच शनिवारी किराणा आणायला निघालो. नवरा गाडी चालवायला, मी शेजारी, लेक माझ्या मांडीवर. आईच्या मांडीहून सुरक्षित जागा असते, हे माझ्या डोक्यातही नव्हतं.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरची शेजारीण गाडीला आडवी आली. मेक्सिकोतल्या ग्वानाह्वातोची, पन्नाशीतली, पश्चिम डॅलसच्या एका पाळणाघरात कामाला. इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं. "नो, मीहा," ती म्हणाली. मीहा म्हणजे पोरी. घरात जाऊन तिनं नातवाला लहान पडलेलं कार सीट आणलं. मागच्या बाकावर उलट्या तोंडानं ठेवलं, त्यात गुडघा रोवला आणि सगळा भार देऊन पट्टा ओढला. मग पट्ट्यापाशी धरून हलवून पाहिलं. इंचभराहून जास्त हललं, म्हणून सगळं सोडून पुन्हा बांधलं. लेकीच्या खांद्यावरच्या पट्ट्याला चिमटा काढून पाहिला. चिमटीत चुणी आली, की पट्टा सैल. लेकीनं टाहो फोडला होता. मला त्या बाईचा मनस्वी राग आला.

पुढच्याच आठवड्यात ती मला तिच्या पाळणाघराच्या वस्तीतल्या कार सीटच्या वर्गाला घेऊन गेली. ताशी ५० किलोमीटरच्या धडकेत आठ किलोंचं बाळ दीडशे किलोंच्या जोरानं हातातून सुटतं, हे तिथं कळलं. माझा राग तिथंच उतरला.

१९९७ मध्ये पश्चिम डॅलसच्या त्या हिस्पॅनिक वस्तीत शाळेआधीच्या वयाची जेमतेम १९ टक्के मुलं गाडीत कार सीटमध्ये बांधलेली असत. उरलेल्या शहरात ६२ टक्के. गरिबी होतीच, पण आणखी एक गोष्ट आड येत होती. "सी दिओस किएरे," माझी शेजारीण दर वाक्यामागं म्हणायची. देवाची इच्छा असेल तर. मला त्याचा अर्थ विचारावा लागला नाही. "देव तारी त्याला कोण मारी" ऐकतच मी वाढले होते.

वस्तीत कार सीटचा वापर वाढवायच्या कामातल्या माणसांनी या श्रद्धेशी वाद घातला नाही. त्यांनी पाद्रीबाबांना बोलावलं. वाटायच्या कार सीटांवर आशीर्वाद मागितला गेला. देवाचा हात लागलेली वस्तू मग अडगळीत कोण टाकणार? मला वडिलांची नवी लॅम्ब्रेटा आठवली: हँडलला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, पुढ्यात फोडलेला नारळ. एवढं सगळं करून आम्ही चौघं तिच्यावर बसून नृसिंहवाडीला गेलो होतो. आमच्या पूजेत कमी काय होतं, ते मला डॅलसमध्ये समजलं.

तीन वर्षांत ते १९ टक्के ७२ वर गेले. २००२ मध्ये एका अमेरिकी आरोग्य नियतकालिकात त्याचा अहवाल आला. त्यात माझी शेजारीण नव्हती, असायचं कारणही नव्हतं. तोवर ती बिऱ्हाड उचलून मुलाकडं गेली होती. तिचा पत्ता विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.

आमच्या गाडीला कधीच अपघात झाला नाही. या ऋणाची अडचण तीच आहे. कुणी बुडताना हात दिला, तर तो दिवस लक्षात राहतो. जे घडलंच नाही, त्याचे आभार कोणत्या तारखेला मानायचे?

गेल्या दसऱ्याला पुण्यात भाचीनं नवी गाडी घेतली. कडेवर सहा महिन्यांचा मुलगा. वहिनी हळदकुंकवाचं ताट घेऊन उभी होती. "आत्या, नारळ तुम्ही फोडा," भाची म्हणाली.

"थांब गं जरा," म्हटलं, आणि साडीचा पदर खोचून मी मागच्या सीटवर गुडघा रोवला.