वाडी भरायची कुठून?

आमच्या वसई-विरारकडे 'वाडी' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक म्हणजे घरामागची बागायत. विहीर, केळी, नारळ, फुलझाडं. दुसरा अर्थ डोहाळजेवणातला. सातव्या महिन्यात गरोदर मुलीला फुलांचे दागिने घालतात. मुकुट, कर्णफुलं, बाजूबंद, कमरपट्टा, पाठीवरच्या वेणीवर कळ्यांची जाळी. याला वाडी भरणं म्हणतात. आमच्या घरात पहिल्या वाडीतली फुलं खुडून दुसरी वाडी भरली जायची, त्यामुळे हे दोन वेगळे अर्थ आहेत असं मला गेल्या श्रावणापर्यंत कधी वाटलंच नव्हतं.

गेल्या श्रावणात ताईला सातवा लागला. ताई अमेरिकेत, आयोवातल्या एका छोट्या गावात राहते. चहूबाजूंनी मका आणि सोयाबीन, मधोमध एक मोठा रस्ता, धान्याची उंच कोठारं, शाळा, दोन चर्च, एक फुलांचं दुकान. आजीला एकटं ठेवून आईला तिकडे जाणं शक्य नव्हतं. एका संध्याकाळी आई म्हणाली, "मी नाही गेले तर नाही, पण तिची वाडी भरायला हवी. फुलं तू पाठव. तुमचं सगळं ऑनलाइन होतं ना?"

त्याच आठवड्यात काकांनी ताईला एक मसुदा पाठवला. मुखत्यारपत्राचा. बाबा गेल्यापासून आमच्या वाडीच्या सातबाऱ्यावर आजी, काका, आई, ताई आणि मी अशी नावं आहेत. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच हक्क दिला, म्हणून ताईच्या सहीशिवाय वाडी विकता येत नाही. काकांना विकायची आहे. त्यांना दोष देता येणार नाही. दोन बाजूंना इमारती आल्यात, विहिरीचं पाणी मचूळ झालंय, पहाटे फुलं खुडायला माणूस मिळत नाही आणि काकांचे गुडघे शिडीवर चढू देत नाहीत.

म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी पाठवायच्या होत्या. इथून तिथे फुलं आणि तिथून इथे कागद.

फुलांचं गणित मला लहानपणापासून पाठ आहे. सोनचाफा उजाडायच्या आत खुडावा लागतो. अर्धवट मिटलेला असतानाच. ऊन चढलं की पाकळ्या फाकतात आणि मग त्याला बाजारात किंमत नाही. आमच्याकडे डोक्याला बॅटरी बांधून, आकडीने फांदी वाकवून फुलं काढतात. चाफा वजनावर जात नाही, मोजून शेकड्याने जातो. जास्वंदीची आणि मोगऱ्याची कळीच खुडतात, ती गिऱ्हाइकाच्या घरी उमलायची असते. मग रिक्षाने स्टेशन, पहाटेच्या लोकलचा मालडबा, आणि उजाडेपर्यंत दादरची फूलमंडई.

विरारहून मुंबईला पहिली लोकल १८६७ साली धावली, दिवसातून एक जायला आणि एक यायला. आमच्या बाजूची फुलशेती या रुळांवरच उभी राहिली. विरार ते दादर पन्नास किलोमीटर. फुलाला झेपणारं अंतर तेवढंच. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले आणि गाड्या थांबल्या, तेव्हा आमची भरलेली करंडी दुपारी केळीच्या बुंध्याशी खत म्हणून ओतली गेली. पितृपक्षात भाव पडतो, गणपतीत चढतो, पण भाव कितीही असला तरी फूल दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवता येत नाही. सकाळचा पिवळाधमक चाफा दुसऱ्या दिवशी तपकिरी होतो.

हे फूल आयोवाला कसं जाणार? ओळखीतलं कोणी निघालं असतं तरी वसईहून विमानतळ, तिथून शिकागो, तिथून पुढे गाडी असा तीस तासांच्या आसपासचा प्रवास. शिवाय तिकडे उतरल्यावर फुलं जाहीर करावी लागतात, तपासनीस कीड आहे का ते बघतात आणि शंका आली तर फुलं तिथेच राहतात. महाराष्ट्रातून फुलं परदेशी जातच नाहीत असं नाही. मावळातल्या हरितगृहांमधले गुलाब दरवर्षी व्हॅलेंटाइन डेसाठी विमानाने युरोपला जातात. पण ते गुलाब त्या प्रवासासाठीच वाढवलेले असतात. लांब देठ, घट्ट कळी, खुडल्यापासून थंडी. चाफ्याला असं कोणी शिकवलेलं नाही.

मग ऑनलाइन. ताईच्या गावाचा पिनकोड टाकला की लगेच डझनभर संकेतस्थळं उघडतात. मी शोधत गेले तेव्हा कळलं की ही व्यवस्था इंटरनेटच्या खूप आधीची आहे. १९१० साली अमेरिकेतल्या काही फूलविक्रेत्यांनी एकत्र येऊन तारेने फुलं पाठवायची सोय केली. तीच पुढे एफटीडी म्हणून ओळखली जाऊ लागली. तुम्ही न्यू यॉर्कच्या दुकानात पैसे भरायचे, त्या दुकानदाराने आयोवातल्या दुकानदाराला तार करायची आणि त्याने स्वतःकडची फुलं घरपोच द्यायची. फूल जागचं हलत नाही, फक्त निरोप जातो. आता त्या दुकानातली फुलंही बहुतेक कोलंबिया आणि इक्वाडोरहून येतात, विमानाने मायामीला उतरतात आणि थंड ट्रकमधून देशभर पसरतात.

मला यात नवल वाटलं नाही. ऑफिसात मी दिवसभर असंच काहीतरी बनवत असते. मागणी इथून निघते, माल जवळच्या गोदामातून जातो. मी आईला समजावून सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे आपली फुलं नाहीत ना?"

"नाहीत."

"बरं. निदान देठाशिवाय मिळतील का बघ. गुच्छ घेऊन ती काय करणार? गुच्छ अंगावर घालत नाहीत."

संकेतस्थळावर देठाशिवाय हा पर्याय नव्हता. म्हणून संध्याकाळी साडेसातला, म्हणजे तिकडे सकाळचे नऊ वाजताना, मी त्या गावातल्या दुकानालाच फोन लावला. एका वयस्कर बाईंनी उचलला. मला सुटी फुलं हवीत, माझी बहीण ती अंगावर घालणार आहे, असं मी सांगितलं. त्या क्षणभर गप्प झाल्या. मग त्यांनी विचारलं की कुठे कुठे घालणार. मी डोक्यापासून कमरेपर्यंतची यादी वाचली. "केस केवढे आहेत?" हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. तेव्हा मला वाटलं, या बाईंना काम कळलं.

त्यांनी दोन फुलं सुचवली. एक स्टेफनोटिस. मादागास्करचा वेल, पांढरी, जाड पाकळीची, वासाची फुलं. तिकडे नवरीच्या गुच्छात वापरतात आणि ती देठाशिवाय, मोजून विकतात. आपल्या चाफ्यासारखी. दुसरं फूल त्या म्हणाल्या ट्यूबरोज. म्हणजे आपला निशिगंध. हा मूळचा मेक्सिकोचा. झेंडूही मूळचा त्याच बाजूचा. आपल्या वेण्या आणि दसऱ्याची तोरणं ज्या फुलांवर चालतात ती कधीकाळी तिकडूनच आलेली आहेत. बाई म्हणाल्या, "निशिगंधाच्या छड्या सगळे नेतात, पण फुलं तोडून कोणी मागितली नव्हती." त्यांनी ती तोडून देण्याचे पैसे लावले नाहीत.

शनिवारी रात्री आमच्याकडे साडेआठ वाजता व्हिडिओ कॉल लागला. ताईच्या घरी तिची तेलुगू मैत्रीण आणि शेजारच्या बाई ओवायला बसल्या होत्या. केळीच्या सोपटाचा धागा तिकडे कुठून असणार, म्हणून दात साफ करायचा मेणाचा दोरा घेतला होता. आईने कॅमेऱ्यासमोर तगरीची फुलं घेऊन गाठ दाखवली. दोन फुलं इकडे, दोन तिकडे, मधून वळसा, ओढ. तिकडे पहिली लड तीनदा सुटली. तेलुगू मैत्रीण मल्लेपूलांचे गजरे करणारी, तिला चौथ्या वेळी हात आठवला. दीड तासाने ताईच्या डोक्यावर मुकुट होता, दंडावर बाजूबंद होते, कमरपट्टा मात्र पोटावर पुरला नाही आणि सगळ्या हसल्या.

आजी हे सगळं लांबून बघत होती. तिला ऐकू कमी येतं. शेवटी ती उठली, देवघरातला चाफा घेऊन आली आणि माझ्या हातातल्या फोनच्या खालच्या भोकापाशी धरला. बोलतो तिथे. तिथूनच सगळं पलीकडे जातं असा तिचा समज. आम्ही कोणी काही बोललो नाही. तिकडे ताईने डोळे मिटले आणि म्हणाली, "आला गं आजी वास."

कागदाचा रस्ता मात्र अगदी सोपा आहे. आयोवातल्या नोटरीसमोर सही करायची, त्यावर तिथल्या सेक्रेटरी ऑफ स्टेटचा अपॉस्टिल शिक्का घ्यायचा, पाकिटात घालून कुरियरने पाठवायचा. वाटेत चार दिवस लागले काय आणि चौदा लागले काय, सही कोमेजत नाही. तो शिक्का आपल्याकडे चालतो. वाडीत उगवतं ते आयोवापर्यंत टिकत नाही, पण वाडी देऊन टाकणारा कागद कुठूनही सुखरूप येतो. हे लक्षात आल्यापासून त्या मसुद्याकडे मला आधीसारखं बघता येत नाही.

ताईने सहीला नकार दिला नाही. तिने फक्त मला विचारलं, "मसुद्यात गट नंबर आहे, क्षेत्रफळ आहे. झाडं किती आहेत ते कुठे लिहिलंय?"

कुठेच नव्हतं. तेव्हा खरीपाची ई-पीक पाहणी सुरू होती. २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून पीक नोंदवायचं असतं, शेतात उभं राहून फोटो काढायचा असतो. आमच्याकडे हे कधी कोणी मनावर घेतलं नव्हतं. रविवारी सकाळी मी छत्री घेऊन वाडीत गेले. या नोंदीने विक्री थांबत नाही, हे मला माहीत होतं. पण ताईला तिकडे बसून बघता येईल असं काहीतरी सातबाऱ्यावर असावं, एवढंच मनात होतं. मी चाफा मोजला. तगर आणि जास्वंद अंदाजाने क्षेत्रात धरली. बांधावरच्या झाडांसाठी अ‍ॅपमध्ये वेगळी जागा आहे, तिथे नारळ टाकले.

काका विहिरीच्या कठड्यावर बसून बघत होते. "किती झाले चाफे?"

"तेवीस."

"चोवीस आहेत," ते म्हणाले. गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि चिखलातून मला कुंपणाच्या कोपऱ्यापर्यंत घेऊन गेले. इमारतीच्या भिंतीला चिकटून एक वाकडं झाड होतं, वर फक्त चार फुलं. "हा राहिला होता. आईने लावलेला. याचाही फोटो काढ."