शेवटच्या उडीचा प्रवासी

विमानातून उडी मारणं हेच ज्याचं रोजचं काम, त्याला त्या कामाचा शीण येतो यावर चटकन कुणाचा विश्वास बसत नाही. गावी आलो की नातेवाईक भीतीबद्दल विचारतात, पगाराबद्दल विचारतात, ‘आईची झोप उडत असेल ना रे’ म्हणतात. थकव्याबद्दल कुणी विचारत नाही. माझ्या बरोबरीच्या ज्या प्रशिक्षकांना मी हे काम सोडताना पाहिलं, त्यांतल्या फार थोड्यांनी ते भीतीमुळे सोडलं. बहुतेक जण आतून रिते झाले होते.

मी न्यूझीलंडमध्ये टाउपो सरोवराच्या परिसरात टँडम प्रशिक्षक म्हणून, म्हणजे नवख्या प्रवाशाला स्वतःला जोडून उडी मारणारा म्हणून, काम करतो. तुमच्याकडे फराळाचे डबे भरले जातात तेव्हा इथे वसंत असतो आणि आमचा हंगाम सुरू होत असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात धामधुमीचे. हंगामाच्या तोंडावर मी दरवर्षी स्वतःशी जो विचार करतो, तो यंदा लिहून काढतो आहे.

मराठी वाचकाला आकाशउडी म्हटली की पुण्याच्या शीतल महाजन आठवतात. २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर आणि २००६ मध्ये दक्षिण ध्रुवावर त्यांनी उडी घेतली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये थायलंडमध्ये त्यांनी नऊवारी नेसून उडी मारली. नऊवारीतल्या त्या उडीमागे अनेक वर्षांचा अनुभव होता. टँडमचा प्रवासी मात्र अर्ध्या तासाच्या सूचना ऐकून विमानात बसतो. त्याचा हार्नेस, म्हणजे अंगावरच्या पट्ट्यांचा साज, माझ्या हार्नेसला खांद्याशी दोन आणि कमरेशी दोन अशा चार ठिकाणी जोडलेला असतो, आणि दोघांना तोलणारं पॅराशूट माझ्या पाठीवर असतं.

ही पद्धत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत टेड स्ट्राँग आणि बिल बूथ यांच्या प्रयत्नांतून उभी राहिली. दोन माणसं एकत्र पडू लागली की वजन जवळपास दुप्पट होतं, पण वाऱ्याला अडवणारं अंग तेवढं वाढत नाही. त्यामुळे वेग एकट्या माणसाच्या ताशी १९०-२०० किलोमीटरच्या बराच पुढे जातो आणि त्या वेगात मोठं पॅराशूट उघडलं तर ते माणसांना आणि कापडाला झेपत नाही. यावर उपाय म्हणून ड्रोग आला. विमानातून बाहेर पडल्यावर काही क्षणांत प्रशिक्षक हे छोटं छत्र वाऱ्यात सोडतो, ते मागे ओढ धरतं आणि वेग पुन्हा एकट्या माणसाइतका राहतो. ड्रोगमुळे हे सुख सर्वसामान्यांच्या आवाक्यात आलं. त्याबरोबर आणखी एक गोष्ट घडली. पूर्वी नवख्यानं जे स्वतः शिकायचं आणि स्वतः सांभाळायचं, ते सगळं प्रशिक्षकाकडे आलं. उंचीचं भान, वाऱ्याचा अंदाज, बिघाड झाला तर मुख्य छत्र तोडून राखीव छत्र उघडण्याचा निर्णय, उतरण्याची जागा, शिवाय प्रवाशाचं घाबरणं, हे सारं एकाच माणसानं पेलायचं. अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेच्या नियमाप्रमाणे टँडम प्रशिक्षक होण्यासाठी या खेळात किमान ३ वर्षं आणि किमान ५०० उड्या लागतात, त्या यासाठीच. तो अनुभव कौशल्याची खात्री देतो. त्याच माणसाला रोज, हंगामभर हे पेलत राहता येईल का, हे त्यातून कळत नाही.

धामधुमीचा दिवस असा असतो. मॅनिफेस्टवर, म्हणजे कोण कोणत्या विमानात याच्या यादीवर, नाव लागतं, प्रवाशाशी ओळख, हार्नेस, सूचना, विमान. १२,००० किंवा १५,००० फुटांपर्यंत चढायला पंधरा-वीस मिनिटं. मग पाऊण ते एक मिनिटाचा मुक्त पात, साधारण पाच-साडेपाच हजार फुटांवर छत्र उघडणं, पाच-सात मिनिटांचं तरंगणं, उतरणं. खाली पॅकरनं दुसरं पॅराशूट घडी करून तयार ठेवलेलं असतं. ते अंगावर चढवायचं, पुढच्या प्रवाशाचा हात हातात घ्यायचा आणि तेच विमान गाठायचं. पाणी प्यायचं ते चालता चालता.

यात शरीर झिजतं. टँडमचा संच २०-२५ किलोंचा असतो. छत्र उघडताना चार-सहा सेकंदांत वेग ओसरतो आणि त्याचा हिसका मान आणि कंबर घेते. उतरताना ३५० चौरस फुटांच्या आसपासचं कापड दोन्ही हातांनी खाली ओढून धरायचं असतं, आणि प्रवाशानं पाय वर उचलले नाहीत तर त्याचाही भार आपल्या गुडघ्यांवर येतो. दिवसातून अनेकदा कानांना दडे बसतात आणि सुटतात. हे दुखणं कळतं तरी, आणि त्यावर इलाजही आहे. मी हंगाम नसताना पाठीच्या आणि पायांच्या व्यायामात खंड पडू देत नाही, तो याच भरवशावर.

मनाची झीज कळायला वेळ लागतो. माझ्यासमोर उभा असलेला माणूस आयुष्यातली पहिली आणि बहुधा शेवटची उडी मारणार असतो. कुणी आजारातून उठल्याचं निमित्त करून आलेला असतो, कुणी वडिलांच्या आठवणीसाठी. २०११ चा ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ पाहून ‘एकदा तरी’ असं ठरवून आलेले भारतीय तर मला अजून भेटतात. नावावरून मी मराठी असल्याचं लक्षात आलं की एखाद्या काकू हळूच विचारतात, ‘दादा, पट्टे नीट बघितलेत ना?’ त्या प्रत्येकाला माझा उत्साह हवा असतो आणि तो त्यांचा हक्कच आहे. मनगटावरचा कॅमेरा सुरू असतो, त्यात माझाही चेहरा येतो. पण दिवसभर चकल्या तळणाऱ्याला संध्याकाळी चकली खावीशी वाटत नाही, तसं आनंदाचंही होतं.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी हवाई सुंदरींच्या कामाचा अभ्यास करून १९८३ मध्ये ‘भावनिक श्रम’ ही कल्पना मांडली. पगाराच्या मोबदल्यात आपली भावना घडवावी किंवा दाखवावी लागते, आणि तेही कष्टच असतात, असं त्यांचं म्हणणं. आमच्या कामाला ते तंतोतंत लागू पडतं. ‘बर्नआउट’वर, म्हणजे कामानं आतून रितं होण्यावर, १९७४ मध्ये पहिल्यांदा ठळकपणे लिहिणारे हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर आणि पुढे त्याची मोजपट्टी तयार करणाऱ्या क्रिस्टिना मास्लाक यांच्यामुळे या अवस्थेची लक्षणं स्पष्ट झाली. मास्लाक तीन सांगतात: भावनिक थकवा येणं, समोरच्या माणसांविषयी कोरडेपणा येणं आणि आपल्या कामाचं मोल वाटेनासं होणं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आपल्या रोगवर्गीकरणात याची नोंद घेतली. तिनं त्याला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या जागेवरचा जो दीर्घ ताण नीट हाताळला गेला नाही, त्याचा हा परिणाम, असं ती सांगते.

ही तीन लक्षणं आमच्याकडे कशी दिसतात ते मी स्वतःत पाहिलं आहे. उतरेपर्यंत प्रवाशाचं नाव आठवेनासं झालं. विमानात विनोद तोच, त्याच उंचीवर, त्याच आवाजात येऊ लागला. पाऊस आला की इतरांबरोबर मीही हळहळायचो आणि आतून सुटल्यासारखं वाटायचं. खाली सरोवर, दक्षिणेला रुआपेहूचं बर्फाळ शिखर, आणि मी फक्त घड्याळ आणि उंची दाखवणारा अल्टिमीटर बघत असे.

प्रशिक्षकाची उदासी ही त्याची खाजगी गोष्ट आहे, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. बर्नआउट सर्वात आधी लक्ष खातं. आमच्या सगळ्या तपासण्या, म्हणजे चारही जोडण्या, पट्ट्यांचा ताण, ड्रोग सोडल्यावर प्रत्येक हँडलला क्रमानं हात लावून पाहणं, हजारदा केलेल्या असतात. हात सवयीनं जागेवर जातो. डोळे आणि मन त्याच्याबरोबर गेले तरच ती तपासणी होते. १९९१ मध्ये जर्मनीत सायप्रेस हे उपकरण आलं. माणूस धोकादायक उंचीवर अजून वेगानं पडत असेल तर ते आपोआप राखीव छत्र उघडतं, आणि त्यानं कितीतरी जीव वाचवले आहेत. पण प्रवाशाचा कमरेचा पट्टा सैल आहे का, त्याचा श्वास घाबरून उथळ झाला आहे का, हे ते उपकरण पाहू शकत नाही. ते पाहणारा एकच माणूस असतो. म्हणून प्रशिक्षकाचा थकवा हा सुरक्षेचा प्रश्न आहे आणि त्याबद्दल तितक्याच उघडपणे बोललं पाहिजे. झिजलेली दोरी दाखवताना कुणी लाजत नाही. झिजलेल्या मनाबद्दल बोलताना आम्ही अजून लाजतो.

मला ज्यांचा उपयोग झाला त्या गोष्टी साध्या आहेत. पहिली, वैमानिकांकडून उचललेली. उड्डाणापूर्वी ते स्वतःला सहा प्रश्न विचारतात: आजारी आहे का, औषध घेतलंय का, ताण आहे का, दारूचा अंमल आहे का, थकलोय का, आणि मनःस्थिती किंवा खाणंपिणं बिघडलंय का. मी ते दिवसाच्या पहिल्या उडीआधी विचारतो आणि जेवणानंतर पुन्हा. दुपारचं उत्तर सकाळपेक्षा वेगळं येऊ शकतं.

दुसरी, दिवसाच्या उड्यांना सकाळीच मर्यादा घालणं. संध्याकाळी, हवा सुंदर असताना आणि रांग उभी असताना घेतलेला निर्णय आपला राहत नाही. थकलेला माणूस स्वतःच्या थकव्याचा वाईट परीक्षक असतो. म्हणून मी माझा आकडा सकाळी मॅनिफेस्टवरच्या माणसाला सांगून ठेवतो, आणि तो मला आठवण करून देतो.

तिसरी, अभिनय कमी करणं. प्रत्येक प्रवाशासाठी खोटा जल्लोष उभा करण्यापेक्षा त्याला एक खरा प्रश्न विचारावा: ‘आज का आलात?’ उत्तर ऐकताना माझं लक्ष आपोआप त्याच्याकडे वळतं. माझा उत्साह मग त्याच्या गोष्टीतून येतो, मला तो आतून उपसावा लागत नाही. शांत प्रवाशाबरोबर शांत राहिलेलंही चालतं, हे कळायला मला काही हंगाम लागले.

चौथी, स्वतःसाठी उडी. आठवड्यातून एकदा, जमेल तेव्हा, मी छोटं पॅराशूट घेऊन एकटा किंवा मित्रांबरोबर उडी मारतो. कॅमेरा नाही, प्रवासी नाही. शिवाय मी राखीव छत्र घडी करण्याचं आणि नव्या उडीबाजांना शिकवण्याचं काम शिकून घेतलं. टँडमच्या प्रवाशाला मी एकदाच भेटतो. शिकाऊ माणूस मात्र आठवड्यागणिक सुधारताना दिसतो, आणि आपल्या कामाचं मोल तिथे पुन्हा डोळ्यांना दिसतं.

मात्र सगळा भार एकट्या प्रशिक्षकाच्या शहाणपणावर टाकणं अन्यायाचं आहे. आमच्यापैकी बहुतेकांना उडीमागे पैसे मिळतात. वारा सुटला, ढग आले की दिवस कोरडा जातो, आणि हवा उघडली की बुडालेलं सगळं भरून काढण्याची घाई होते. अशा व्यवस्थेत ‘आज एवढंच पुरे’ म्हणणाऱ्याच्या खिशाला चाट बसते. खराब हवेच्या दिवसाचा किमान मोबदला, दोन उड्यांमध्ये बसून खाण्याइतका वेळ, आठवड्याची ठरलेली सुट्टी आणि थकल्याचं सांगणाऱ्याला एकही प्रश्न न विचारता दुसरा माणूस देणं, या चार गोष्टी ज्या ड्रॉपझोनवर, म्हणजे उड्यांच्या तळावर, असतात तिथली माणसं टिकतात. पॅराशूटच्या देखभालीवर खर्च करताना कुणी कुरकुरत नाही. ते पाठीवर घेणाऱ्या माणसाच्या देखभालीलाही त्याच खात्यात जागा हवी.

लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीत किंवा मध्य प्रदेशातल्या सागरजवळ धाना इथल्या धावपट्टीवर टँडमच्या मोहिमा झाल्या आहेत. आपल्याकडे हा व्यवसाय अजून लहान आहे, म्हणून या सवयी सुरुवातीलाच लावणं सोपं आहे. या कामात येऊ पाहणाऱ्या मराठी मुलामुलींना मी एवढंच सांगेन, की उडी मारण्याचं धाडस तुम्हाला वर्षभरात येईल, ‘आता थांबतो’ म्हणण्याचं धाडसही त्याबरोबरच शिका. आणि तुम्ही कधी प्रवासी म्हणून आलात आणि प्रशिक्षक बदलला म्हणून थोडं थांबावं लागलं, तर रागावू नका. त्या ठिकाणी माणसाच्या थकव्याची दखल घेतली जाते. दिवसाच्या शेवटच्या उडीत तुमचं नाव लागलं, तरी पहिल्या प्रवाशाला मिळालं तेवढंच लक्ष तुम्हालाही तिथेच मिळेल.