पिवळं रेशनकार्ड

2020 चा जानेवारी. सीएए-एनआरसीचे दिवस होते. वसमतला आमच्या गल्लीत घरोघरी कागद शोधणं चालू होतं. अम्मीनंही लोखंडी पेटी उघडली. तळातल्या पिशवीत अब्बांचा शाळेचा दाखला, घरपट्टीच्या पावत्या आणि दोन रेशनकार्डं निघाली. एक घड्यांवर फाटलेलं, त्यावर 'जिल्हा परभणी'. दुसरं पिवळं. 1 मे 1999 ला हिंगोली वेगळा जिल्हा झाला आणि राज्यात तीन रंगांची कार्डंही त्याच तारखेपासून आली. पिवळं म्हणजे दारिद्र्यरेषेखालचे.

ते घेऊन दुकानात जायची मला फार लाज वाटायची. कॉलेजातलं कुणी दिसलं की मी कार्ड शर्टात सरकवायचो. आता अम्मी तेच कार्ड तळहातानं सपाट करत होती. "सरकारनं इतकी वर्षं गहू दिला, म्हणजे ओळखतंच ना आपल्याला," ती म्हणाली. अगदीच खोटं नव्हतं ते. आसामच्या एनआरसीत वाडवडिलांशी नातं दाखवायला जुनं रेशनकार्ड चालत होतं.

फेब्रुवारीत टेक्सासहून भाचीचा फोन आला. जावई तिथं पीएचडी करत होते, मुलगी तिथंच जन्मलेली, म्हणजे अमेरिकेची नागरिक. 'विक' नावाच्या सरकारी योजनेतून बाळाचं खाणं आणि भाचीला दूध-अंडी मिळायची.

"मामू, आम्ही ते बंद केलं. पुढं ग्रीन कार्डला अडचण येते म्हणतात."

मी नियम शोधून वाचला. जो सरकारवर ओझं होईल त्याला घ्यायचं नाही, हे तिकडच्या कायद्यात 1882 पासून आहे. 'पब्लिक चार्ज' म्हणतात त्याला. आधी त्यात मुख्यतः रोख मदत मोजायचे. ट्रम्प सरकारनं 24 फेब्रुवारी 2020 पासून फूड स्टॅम्प, घरभाड्याची मदत, बराचसा मेडिकेडही धरायला सुरुवात केली. 36 महिन्यांत 12 महिन्यांहून जास्त घेतलं की झालं. एका महिन्यात दोन मदती घेतल्या तर ते दोन महिने धरायचे! पण 'विक' त्या यादीत नव्हतंच. आणि मुलाला मिळालेली मदत आईबापाच्या नावावर चढत नव्हती.

मी तिला हे सगळं सांगितलं.

"असेल मामू. पण इथं सगळे नावं काढून घेतायत. उद्या हेही यादीत घातलं तर?"

मी काय बोलणार? कुणी न मागितलेले कागद आम्हीही पेटीतून काढून बसलो होतो. फरक एवढाच, की आम्ही खाल्लेल्या रेशनचा पुरावा जपत होतो आणि ती तो मागे राहू नये म्हणून धडपडत होती.

मार्च 2021 मध्ये तो नियम गेला. डिसेंबर 2022 पासूनच्या नियमात पुन्हा मुख्यतः रोख मदतच राहिली. पण भाचीनं 'विक'मध्ये परत नाव घातलं नाही. जावयांचा पगार सुरू होईपर्यंत तिनं ती वर्षं कशी काढली, ते ती सांगत नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये तिथल्या सरकारनं 2022 चा नियमही मागे घ्यायचा प्रस्ताव मांडला. ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे.

परवा तिचा फोन होता. मुलीच्या शाळेतून दुपारच्या जेवणाच्या सवलतीचा फॉर्म आलाय. शेजारणीनं भरला. "मामू, मी भरू का?"

भर, म्हणालो. तिनं भरला की नाही, अजून विचारलेलं नाही.