अंबडची काळी माती आणि उंच चाकाची गाडी

जालन्याहून बीडच्या रस्त्याने दक्षिणेला निघालात, की गोलापांगरी मागे टाकून सुमारे २५ किलोमीटरांवर अंबड लागते. गावाची खूण म्हणजे टेकडी. तिचा आकार माशासारखा, म्हणून वर वसलेल्या देवीचे नाव मत्स्योदरी. इथल्या मंदिराच्या बांधकामाशी अहिल्याबाई होळकरांचे नाव जोडलेले आहे. पायऱ्या चढून दर्शन घ्या आणि खाली उतरण्याआधी घटकाभर चहूकडे नजर टाका. दक्षिणेकडे गोदावरी ही तालुक्याची हद्द. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली. त्या धरणाचा २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा याच तालुक्यातून पुढे परभणीकडे जातो. कालव्याच्या पाण्याने ऊस आणला, उसाने अंकुशनगरचा साखर कारखाना आणला आणि विहिरींच्या आधाराने मोसंबीच्या बागा उभ्या राहिल्या. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात या मातीचाही वाटा आहे.

पण हीच माती पावसाळ्यात शेतकऱ्याची परीक्षा पाहते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाऊस पडला की ती फुगते, चिकटते, पाय सोडत नाही. आंबिया बहाराची मोसंबी नेमकी पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत तोडणीला येते. व्यापारी ठरलेला, माल तोडलेला आणि गाडी बागेपासून अर्ध्या किलोमीटरवर रुतलेली, हे दृश्य अंबडकडच्या माणसाला नवे नाही. वर्षाचे उत्पन्न त्या अर्ध्या किलोमीटरवर अडकून पडते.

आपल्या वाडवडिलांनी या मातीवर उपाय शोधला होता. जुन्या बैलगाडीचे चाक आठवून पाहा. लाकडी आरे, वरून लोखंडी धाव आणि उंची माणसाच्या छातीला लागेल एवढी. चाक मोठे असले की खड्डा आणि चाकोरी सहज ओलांडते. त्या चाकाचा दुसरा गुण मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ते उघडे होते. त्याच्यावर पत्रा नव्हता, मडगार्ड नव्हते. चिकटलेली माती फिरता फिरता आपोआप गळून पडे.

आता बैलगाडीच्या जागी पिकअप आली आहे. अंबडच्या बाजारात मोसंबीचे क्रेट, खताची पोती, शेळ्या आणि चारा हे सारे तीच वाहते. ती रुतू नये म्हणून काही जण कमानीचे पाटे वाढवून गाडी उंच करतात आणि मोठे टायर बसवतात. विचार जुन्या चाकाचाच आहे, पण मोठेपणा घेतला आणि मोकळेपणा विसरला, तर फायद्याऐवजी तोटा होतो.

आधी टायरवरचे आकडे वाचायला शिका. २१५/७५ आर १५ असे लिहिले असेल, तर २१५ मिलिमीटर ही टायरची रुंदी, ७५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या शेकडा ७५ आणि १५ इंच हा रिमचा व्यास. अशा टायरची एकूण उंची सुमारे ७०३ मिलिमीटर भरते. त्याऐवजी २३५/७५ आर १५ घेतला, तर उंची सुमारे ७३३ होते. म्हणजे टायर ३० मिलिमीटरने मोठा झाला, पण आसाखालची जागा वाढली फक्त १५, जेमतेम बोटाच्या जाडीएवढी. रुंदी मात्र २० मिलिमीटरने वाढली, दोन्ही अंगांना दहा-दहा. कमावले किती आणि गमावले किती, याचा हिशेब इथेच करायचा.

शिवाय काट्यावर ताशी ६० दिसत असताना गाडी प्रत्यक्षात साडेबासष्टच्या वेगाने धावते. इंजिनची ओढ तेवढ्याच प्रमाणात कमी पडते आणि चिखलात क्लच लवकर जळतो.

टायर घासतो तो दोन वेळी. चाक वळते तेव्हा आणि चाक वर दबते तेव्हा. पाटे वाढवून गाडी उंच केली, तर चाकाच्या वरची जागा वाढते, पण वळणाची जागा फारशी वाढत नाही. चालक ज्याला फुल कट म्हणतात, तसे स्टेअरिंग पूर्ण फिरवले की पुढच्या टायरची आतली कड चेसिसला किंवा पाट्याला लागते आणि बाहेरची कड बंपरच्या कोपऱ्याला नाहीतर मडगार्डच्या मागच्या कडेला. मागचे टायर माल भरल्यावर हौद्याच्या तळाकडे सरकतात. रिकामी गाडी गॅरेजमध्ये छान दिसते आणि पोती भरून खड्ड्यात उतरली की रबर सोलले जाते, ते यामुळे.

म्हणून पैसे मोजण्याआधी गॅरेजवाल्याकडून ही परीक्षा करून घ्या. मडगार्डच्या आतल्या बाजूला ओला चुना लावा. रिकामी गाडी सपाट जागी हळू चालवत दोन्ही बाजूंना फुल कट घ्या. मग नेहमीचा माल भरून तेच करा. शेवटी पुढचे एक चाक बांधावर चढवा म्हणजे गाडी तिरकी होईल, आणि त्या स्थितीत स्टेअरिंग दोन्हीकडे फिरवा. पाहणाऱ्याने दूर उभे राहावे, गाडीखाली डोके घालू नये. चुना जिथे पुसला गेला, तिथे टायर घासतो.

घासत असेल तर घाईने पत्रा कापू नका. कधी प्लॅस्टिकचे अस्तर सरकवून किंवा पत्र्याची कड आत वळवून काम भागते. स्टेअरिंग किती फिरावे हे ठरवणारे बोल्ट दोन्ही बाजूंना सारखे बाहेर काढले तर वळताना टायर लागत नाही, मात्र गाडीला वळायला जागा जास्त लागते. बाहेर सरकलेली रिम घातली तर आतले घासणे थांबते, पण बाहेरचे वाढते आणि बेअरिंगवर ताण येतो. आणि काहीही केले तरी ब्रेकचे रबरी पाइप ताणले जात नाहीत ना, हे चाक लोंबकळत ठेवून पाहिलेच पाहिजे.

आता अंबडच्या मातीची खास गोष्ट. कोरड्या रस्त्यावर दोन बोटांची फट पुरेशी वाटते. काळ्या चिखलात टायरवर मातीचा थर चढतो, तो मडगार्डमध्ये भरतो आणि चाक आवळून धरतो. टायर मोठा घेऊन फट कमी केली, तर चिखलातून सुटण्यासाठी घेतलेला टायरच चिखलाने बांधला जातो. अशा मातीत मूळ मापाचाच, पण खोल आणि मोकळ्या नक्षीचा टायर पुष्कळदा अधिक कामाचा ठरतो. वजन पेलण्याची त्याची क्षमता मूळ टायरपेक्षा कमी नसावी, एवढे पाहा.

कायदाही लक्षात ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. काम करण्याआधी परिवहन कार्यालयात विचारा, नाहीतर अपघातानंतर विमा मिळताना अडचण येऊ शकते. पाटे वाढवले म्हणून गाडीची भार वाहण्याची परवानगी वाढत नाही. आस आणि ब्रेक तेच राहतात.

नवरात्रात मत्स्योदरीची यात्रा भरते. त्या दिवसांत आसपासच्या गावांतून बायका-मुले पिकअपच्या हौद्यात बसून येताना दिसतील. मालाच्या गाडीत माणसे बसवणे मुळातच धोक्याचे. उंच केलेल्या गाडीचा तोल आणखी वर गेलेला असतो. कालव्याच्या भरावावरून उतरताना एक चाक घसरले तर ती कलंडायला वेळ लागत नाही. मोसंबीचे क्रेट सांडले तर पुन्हा भरता येतात. माणसांचे तसे नसते. घरच्या मंडळींना एसटीने पाठवा.

आणि टायरवर खर्च करायला काढलेले पैसे हातात असतील, तर एकदा शेजाऱ्यांबरोबर बसून त्या अर्ध्या किलोमीटर रस्त्याचा विचार करा. राज्य सरकारने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना सुरू केली होती. सध्या कोणती योजना लागू आहे, ते ग्रामपंचायतीत आणि तहसीलात विचारा. चार बागायतदारांनी मिळून चर काढला आणि मुरूम टाकला, तर एकाची नव्हे, सगळ्यांची गाडी बागेपर्यंत पोहोचते. तिथे मूळ मापाचे टायर पुरतात, आणि तेही न घासता.