बाळकडू

बलात्कारापेक्षा मनधरणी श्रेष्ठ, हा सिद्धांत आम्ही पंचवीस वर्षे वर्गात प्रतिपादीत आलो. आमच्या ८ महिन्यांच्या नातीने तो एका चमच्यासरशी उडवून लावला. अंगात ताप, आणि औषध ओठांस लागताच तोंड घट्ट मिटलेले! शेवटी, नाक दाबल्यावाचून तोंड उघडत नाही, ही म्हण आम्ही शब्दशः आचरणात आणली. तोंड उघडले खरे. पण घोट भलत्याच वाटेने गेला आणि पोर काळीनिळी झाली. ठसका लागून ती रडू लागली, तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला.

सूनबाईंनी काही न बोलता तिला उचलले. मांडीवर बसती धरून, मापाच्या पिचकारीने गालाच्या आतल्या अंगास थोडेथोडे सोडीत, मधूनमधून गिळण्यास अवकाश देत, त्यांनी ५ मिलिलिटर औषध पोटात घातले. आम्ही ओशाळून मधाचे बोट सुचविले.

“वर्षाच्या आत मध नको, मामंजी, त्यातल्या जंतूंनी तान्ह्यांस विषबाधा होऊ शकते.”

बाळकडू बाळांसच पाजावयाचे असते, अशी आमची समजूत होती. आमच्या वाट्याचे मात्र पन्नाशी उलटल्यावर आले. आणि ते आम्ही नाक न दाबता, मुकाट्याने गिळले.